पुण्याची टेनिस स्पर्धा ‘गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

एक प्रश्न विचारतो, गूगल न करता उत्तर द्या. पुण्यात झालेल्या शेवटच्या एटीपी स्पर्धेच्या अंतिम फेरीत कोण कोण खेळलं होतं?

कार्ल्सरूहेतल्या आमच्या मराठी कट्ट्यावर मी हा प्रश्न विचारला, तेव्हा आठ जणांपैकी एकालाही उत्तर आलं नाही. त्यातले पाच पुण्याचे, आणि दोघांचं घर बालेवाडीपासून रिक्षाच्या अंतरावर. उत्तर असं: ७ जानेवारी २०२३ रोजी नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने फ्रान्सच्या बेंजामिन बोन्झीला ४-६, ७-५, ६-३ असं हरवलं. उत्तर ऐकून एकजण म्हणाला, “बघ, म्हणूनच गेली ती स्पर्धा. कोण मोठं येतच नव्हतं.”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. पॉडकास्टवर आपण खेळाच्या अर्थकारणाबद्दल बोललो, त्यानंतर आलेल्या पत्रांतही ते दोन-तीनदा होतं. मला ते चुकीचं वाटतं, आणि चूक फक्त टेनिसपुरती नाही. निकालांचा तक्ता वाचायचा कसा, हेच आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून आज तो तक्ता उघडून बसू.

आधी रचना बघा

महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० दर्जाची स्पर्धा होती. २५० हा आकडा विजेत्याला मिळणाऱ्या क्रमवारीच्या गुणांचा. त्यावर ५००, त्यावर १०००, आणि सगळ्यांच्या डोक्यावर २००० गुणांच्या चार ग्रँड स्लॅम. म्हणजे पुण्याची स्पर्धा एटीपी टूरच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होती, पण टूरवर होती. चॅलेंजर स्पर्धा तिच्या खालच्या मजल्यावर येतात, आणि आयटीएफच्या एम १५, एम २५ स्पर्धा तर तळमजल्यावर.

एकेरीचा ड्रॉ २८ जणांचा. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे त्यांना विजेतेपदासाठी चार सामने जिंकायचे आणि इतरांना पाच. चार जण पात्रता फेरीतून येणार, तीन वाइल्ड कार्ड यजमानांच्या हातात, बाकीचे जवळजवळ सगळे क्रमवारीवर. सामने तीन सेटचे, ६-६ झाले की टायब्रेक. दुहेरीत १६ जोड्या. तिथे ड्यूसनंतर ॲडव्हान्टेज नाही, एकच निर्णायक पॉइंट. आणि एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा मॅच टायब्रेक.

आता यातली खरी गोम. २०२३ पर्यंतच्या नियमाने विजेत्याला २५०, उपविजेत्याला १५०, उपांत्य फेरीला ९०, उपांत्यपूर्व फेरीला ४५, दुसऱ्या फेरीला २०. आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला? शून्य. हे शून्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग निकाल वाचा

२०१८ साली ही स्पर्धा चेन्नईहून पुण्यात आली. त्याआधी १९९६ मध्ये दिल्लीत सुरू होऊन ती १९९७ ते २०१७ चेन्नईत होती. पुण्यातल्या पहिल्या वर्षी अव्वल मानांकन मरिन चिलिचला होतं. जिंकला फ्रान्सचा जील सिमॉन, जो त्या आठवड्यात क्रमवारीत ८९ वा होता. त्याने आदल्या वर्षीचा विजेता बाउतिस्ता आगुत, मग चिलिच आणि शेवटी केविन अँडरसन यांना ओळीने हरवलं. त्याच आठवड्यात तो दुहेरीच्याही अंतिम फेरीत होता. तीन मोठी नावं एकाच आठवड्यात ज्याच्या हातून पडतात, त्याला ‘कोणी मोठं नव्हतं’ म्हणायचं?

२०२० मध्ये चेकियाच्या यिरी वेसेलीने उपांत्यपूर्व आणि उपांत्य या दोन्ही सामन्यांत मॅच पॉइंट वाचवले आणि अंतिम सामन्यात येगोर गेरासिमोव्हला ७-६, ५-७, ६-३ असं हरवलं. २०२१ ची स्पर्धा कोविडने खाल्ली. २०२२ मध्ये पोर्तुगालचा जुआंव सोझा जिंकला. २०१८ च्या एस्टोरिलनंतर त्याचं ते पहिलंच विजेतेपद. मधल्या काळात तो पहिल्या शंभरातून बाहेर फेकला गेला होता. आणि ग्रीकस्पूर? पुणे हे त्याचं पहिलं एटीपी विजेतेपद. २०२१ मध्ये त्याने एका वर्षात आठ चॅलेंजर जिंकले होते. पुण्यानंतर त्याच वर्षी आपल्या देशात गवतावरची एटीपी स्पर्धा जिंकून तो पहिल्या तिसात गेला.

या यादीत एक सूत्र दिसतं का? पडत आलेले किंवा चढत निघालेले खेळाडू इथे जिंकतात. २५० दर्जाची स्पर्धा मुळात त्याच कामाची असते. तिथे जोकोविच येत नाही म्हणून नाक मुरडणं म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून विमान का येत नाही म्हणून विचारणं.

एक अंतिम सामना, आणि टायब्रेकचा प्रश्न

२०१९ चा अंतिम सामना मात्र सावकाश बघायला हवा. केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोव्हिच: ७-६, ६-७, ७-६. उंची अनुक्रमे २.०३ आणि २.११ मीटर. कार्लोव्हिच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा, आणि १९७७ मध्ये केन रोझवॉल खेळला होता त्यानंतरचा एटीपी अंतिम फेरीतला सगळ्यात वयस्क खेळाडू. टायब्रेकचे गुण ७-४, २-७, ७-५. म्हणजे अख्ख्या विजेतेपदाचा फैसला शेवटच्या टायब्रेकमधल्या दोन गुणांच्या फरकावर.

आमच्या कट्ट्यावरचा एकजण म्हणाला की हे टेनिस नाही, नुसती सर्व्हिस आहे, कंटाळवाणं. मी त्याला अर्धाच दोष देतो. रॅली बघायची असेल तर हा सामना तुमच्यासाठी नव्हताच. पण रचनेचा अभ्यास करायचा असेल तर यासारखा नमुना नाही. याच अँडरसनने सहा महिने आधी, जुलै २०१८ मध्ये, विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत जॉन इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६-२४ असं हरवलं होतं. सामना चालला सहा तास छत्तीस मिनिटं. कारण तिथे तेव्हा शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता. अंतिम सामन्यात तो थकून उतरला आणि जोकोविचने त्याला तीन सेटमध्ये संपवलं. पुढच्या वर्षी विम्बल्डनने १२-१२ वर टायब्रेक आणला.

म्हणजे तोच खेळाडू, तशाच सर्व्हिसवाल्याविरुद्ध, दोन वेगळ्या नियमांत. एका नियमाने पुढच्या सामन्याचा जीव काढून घेतला. दुसऱ्याने निकाल दोन गुणांवर आणून ठेवला. आपल्याकडे याचं आणखी जुनं उदाहरण आहे. २००८ मध्ये चेन्नईत नदालने उपांत्य फेरीत कार्लोस मोयाला हरवायला जवळपास चार तास घेतले, तिन्ही सेट टायब्रेकला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाईल यूझ्नीने त्याला ६-०, ६-१ असं उडवलं. वर्तमानपत्रात शेवटचा आकडा छापून येतो. त्या आकड्यामागे आदल्या रात्रीचे चार तास असतात, ते गुणफलकावर कुठेच लिहिलेले नसतात.

म्हणून माझं मत: तीन सेट आणि शेवटपर्यंत टायब्रेक हीच रचना आठवडाभराच्या स्पर्धेसाठी योग्य आहे. तिच्यात नशिबाचा वाटा वाढतो, हे खरं. पण ती थकव्याचा अन्याय कमी करते. दोन्हीपैकी एक निवडायचं असेल तर मी दोन गुणांचं नशीब निवडेन.

मग तक्रार कशाबद्दल करायची?

पहिली तक्रार कॅलेंडरची. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याची स्पर्धा वर्षाच्या पहिल्या आठवड्यात होती, ब्रिस्बेन आणि दोहाच्या जोडीला. ऑस्ट्रेलियन ओपनला निघालेला खेळाडू सरळ ब्रिस्बेनला जाईल की पुण्यात उतरेल? २०२० मध्ये एटीपी कप नावाची सांघिक स्पर्धा जानेवारीत आली आणि पुण्याला फेब्रुवारीत ढकललं गेलं, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यानंतर, माँपेलिए आणि कोर्दोबाच्या आठवड्यात. युरोपातला खेळाडू घराजवळच्या माँपेलिएला जाणार, मातीवर खेळणारा अर्जेंटिनाला. २०२३ मध्ये पुन्हा जानेवारी. पाच स्पर्धांत दोनदा घर बदललेल्या पाहुण्याची ओळख शेजाऱ्यांना कशी होणार? २०२४ पासून जानेवारीच्या त्या आठवड्यात हाँगकाँगची स्पर्धा होते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर, आणि ती आपल्यावरची आहे. पाचही वर्षांत एकेरीच्या उपांत्य फेरीत एकही भारतीय पोहोचला नाही. दुहेरीत मात्र २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन जिंकले. २०२२ चा अंतिम सामना ६-७, ६-३, १०-६ असा, म्हणजे मॅच टायब्रेकवर. टाळ्या वाजल्या, वाजायलाच हव्या होत्या. पण एकेरीचं काय?

आता ते शून्य आठवा. स्थानिक खेळाडूला वाइल्ड कार्ड मिळतं, तो आपल्यापेक्षा दोन-तीनशे जागा वरच्या खेळाडूविरुद्ध उतरतो, हरतो, आणि त्याच्या खात्यात शून्य गुण जमा होतात. फोटो येतो, मुलाखत येते, गुण येत नाहीत. २०२३ मध्ये पुण्याच्या मानस धामणेला असं वाइल्ड कार्ड मिळालं. वय पंधरा. अमेरिकेच्या मायकेल मोविरुद्ध तो २-६, ४-६ असा हरला आणि सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक रास्तच होतं. पंधराव्या वर्षी त्या पातळीवर सहा गेम घेणं सोपं नाही. पण तो तेव्हा सराव करत होता इटलीतल्या बोर्दिगेराच्या अकादमीत. बालेवाडीचं मैदान त्याच्या गावातलं, आणि शिकायला आल्प्सपलीकडे.

आता याच बालेवाडीतली आधीची स्पर्धा बघा. एटीपी २५० येण्यापूर्वीपासून तिथे एक चॅलेंजर स्पर्धा होत होती. २०१५ मध्ये ती युकी भांब्रीने जिंकली. २०१७ मध्ये पुन्हा युकीनेच, आणि तेव्हा अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धीही भारतीय होता, रामकुमार. तेच गाव, तेच कोर्ट. एक मजला खाली उतरलो तर भारतीय खेळाडू जिंकतो आणि गुण घेऊन घरी जातो.

चेन्नईचंही तसंच. २०१७ नंतर त्यांची २५० दर्जाची स्पर्धा गेली म्हणून हळहळ झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या चॅलेंजरमध्ये सुमित नागल जिंकला आणि त्या गुणांवर जगातल्या पहिल्या शंभरात शिरला. हाच नागल २०२३ मध्ये जाहीरपणे म्हणाला होता की वर्षभराचा खर्च भागवल्यावर बँकेत हजार युरोसुद्धा उरले नाहीत. तो तेव्हा इथे, जर्मनीतल्या पाइने गावात सराव करत असे. हजार युरोत कार्ल्सरूहेत काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोलीचं भाडं आणि विमा भरून झाला की महिनाअखेरीला काय उरतं, ते आपण सगळे रोज मोजतो.

रुपूरचं कोर्ट

हे सगळं मला का सुचलं, तर आमच्या इथल्या एका क्लबमुळे. शहरातून एटलिंगेनकडे जाणारी ट्राम घ्या, दक्षिणेला रुपूर लागतं. तिथल्या टेनिस क्लबच्या लाल मातीवर २०१९ मध्ये महिलांची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा सुरू झाली. ही महिलांच्या टूरखालची पायरी, साधारण पुरुषांच्या वरच्या चॅलेंजरसारखी. पहिल्या वर्षी जिंकली रोमानियाची पात्रिचिया त्सिग. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला मुलगी झाली होती, आणि जवळजवळ शून्यातून ती परत क्रमवारी चढत होती. २०२१ मध्ये इजिप्तची मयार शेरीफ जिंकली.

माझं म्हणणं असं की त्सिगची गोष्ट आणि सिमॉन, सोझा, ग्रीकस्पूर यांची गोष्ट एकच आहे. फरक आजूबाजूच्या जमिनीत आहे. रुपूरमध्ये ज्या क्लबात स्पर्धा झाली, त्याच क्लबात एरवी पोरं-पोरी आणि सत्तरीचे आजोबा खेळतात. जर्मन टेनिस संघटनेचे सदस्य चौदा लाखांहून जास्त आहेत, आणि त्यातल्या साध्यासुध्या स्पर्धा खेळणाऱ्यालाही एक आकडा मिळतो, ‘एलके’. २५ पासून सुरुवात, जिंकत गेलात की खाली, १ म्हणजे उत्तम. मी दोन उन्हाळे एका क्लबच्या तळाच्या संघातून खेळलो. पहिल्याच सामन्यात साठीच्या एका निवृत्त गृहस्थाने मला ड्रॉप शॉटवर नाचवलं आणि मॅच टायब्रेकमध्ये १०-३ ने घरी पाठवलं. हो, तोच मॅच टायब्रेक, बोपण्णाचा. इथे आमच्यासारख्यांनाही तिसऱ्या सेटऐवजी तोच लावतात. त्यामुळे टीव्हीवर तो लागला की क्लबातल्या प्रत्येकाला पोटात काय होतं ते माहीत असतं.

वरच्या टोकालाही तसंच. मॅनहाइमचा ग्र्युन-वाइस क्लब पुरुषांच्या बुंडेसलीगात खेळतो. तिथे क्रमवारीतले व्यावसायिक खेळाडू उन्हाळ्यात क्लबासाठी उतरतात. चार एकेरी, दोन दुहेरी, निकाल संघाचा. बेकरचं लायमेन आणि श्टेफी ग्राफचं ब्र्यूल इथून गाडीने तासाभराच्या आत आहेत. ही दोन माणसं जवळजवळ शेजारच्या गावांत वाढली याला काही प्रमाणात योगायोग म्हणा. पण त्यांच्याभोवती पायऱ्या होत्या, हा योगायोग नव्हता.

तुम्ही म्हणाल…

तुम्ही म्हणाल, मोठी स्पर्धा डोळ्यांसमोर झाली की पोरांना प्रेरणा मिळते. मान्य. बालेवाडीच्या गॅलरीत चिलिचची सर्व्हिस ऐकलेला दहा वर्षांचा मुलगा ती विसरणार नाही. बॉल बॉय म्हणून धावलेल्या पोरांसाठी तो आठवडा आयुष्यभराचा असेल. ती किंमत मी कमी लेखत नाही.

पण माझ्या मावसभावाचं सांगतो. तो पुण्यात टेनिस खेळायचा, राज्य पातळीपर्यंत. २०१८ च्या स्पर्धेला आम्ही दोघं गेलो होतो, सिमॉनचा सामना बघायला. परतताना बसमध्ये तो म्हणाला, “दादा, हे लोक इथपर्यंत आले कसे, तेच कळत नाही. मधे काय असतं?” मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी बारावी आली, रॅकेट माळ्यावर गेली. त्याला प्रेरणा कमी पडली असं मला वाटत नाही, ती भरपूर होती. त्याला ‘मधलं’ काही दिसलं नाही. कोणत्या स्पर्धेला किती गुण, किती महिने, किती पैसे, कुठे राहायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि घरापासून जाण्यासारख्या अंतरावर त्या स्पर्धा पुरेशा नव्हत्या.

म्हणून ‘पुण्याची स्पर्धा गेली’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. २५० गेली, आणि २०२४ मध्ये बालेवाडीला १०० दर्जाची चॅलेंजर आली. त्या वर्षी ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वॅशेरोने, अंतिम सामन्यात ॲडम वॉल्टनला हरवून. तेव्हाही लोक म्हणाले असतील, हा कोण? ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वॅशेरो क्रमवारीत २०४ वा असताना शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीतून आत आला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्याच मावस-चुलत नात्यातल्या आर्थर रिंडरक्नेशला हरवून जिंकला. हजार गुणांची स्पर्धा. त्याच्या चढणीतली एक पायरी बालेवाडीत होती, आणि ती बघायला तिकिटासाठी भांडावं लागलं नसतं.

माझी टीका सरकारवर किंवा संयोजकांवर जेवढी आहे, त्याहून जास्त आपल्या बघण्यावर आहे. आपण स्पर्धेचं मोल आलेल्या नावांवरून ठरवतो. त्याऐवजी तीन आकडे विचारा: स्थानिक खेळाडूंनी इथून किती गुण नेले? पात्रता फेरीत किती जण खेळले? आणि ही स्पर्धा संपल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत बसने किंवा रेल्वेने जाता येईल अशी दुसरी स्पर्धा आहे का? चेन्नई, बेंगळुरू, पुणे अशी चॅलेंजरची साखळी फेब्रुवारीत लागली, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आलं. माझ्या लेखी २०१९ च्या अंतिम सामन्यापेक्षा ती बातमी मोठी होती. तिचा मथळा कुठे झाला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत सुट्टीला घरी जाणार असाल आणि बालेवाडीत स्पर्धा चालू असेल, तर अंतिम सामन्याच्या दिवशी जाऊ नका. पात्रता फेरीच्या सकाळी जा. स्कोअरबोर्डजवळची खुर्ची मिळेल. शेजारी कोणी शाळकरी पोरगं बसलं असेल आणि त्याने विचारलं की हे लोक इथपर्यंत आले कसे, तर आता तुम्हाला त्याला सांगता येईल. माझ्या मावसभावाला मी ते सांगू शकलो नव्हतो.